पारेख मंडळी आता सुट्टीवर निघायला हवीत. तुम्ही कुठे पाठवाल?

शनिवारातली (धागाकर्ती), शनिवार सकाळी ९.१०

२००२, २००५, २०१०, २०१८, २०२३. पारेख कुटुंबाची 'खिचडी' ही विनोदी मालिका आपल्याकडे येऊन गेली ती ही वर्षं. सप्टेंबर २००२मध्ये स्टार प्लसवर सुरू झाली, मग स्टार वनवर 'इन्स्टंट खिचडी', मग सिनेमा, २०१८च्या एप्रिलात पुन्हा स्टार प्लस, आणि २०२३च्या नोव्हेंबरात दुसरा सिनेमा. त्यामुळे ही माणसं संपली असं मला कधी वाटतच नाही. बाहेरगावी गेली आहेत, येतील, असंच वाटतं. पुढच्या वेळी त्यांनी सहकुटुंब सुट्टीवर जावं आणि आपल्याला ती सुट्टी बघायला मिळावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पहिल्यांदा लागली तेव्हा मी आठवीत होते. शनिवार पेठेतला वाडा, आमच्या दोन खोल्या, सहा माणसं, एक टीव्ही. आजीला हिंदी बेताचंच कळायचं, पण पारेखांची सून हंसा पडद्यावर आली की आजीच्या हातातला अडकित्ता थांबायचा. त्या काळात रात्रीच्या बाकी मालिकांत बायका भरजरी साड्या नेसून रडत असायच्या. आणि इथे ही एक बाई, जी घरातल्या एकाही कामाला हात लावत नाही आणि तरी सगळ्यांची लाडकी आहे. आजी म्हणायची, "सुखी आहे हो ही." असं ती दुसऱ्या कुठल्याच सुनेबद्दल म्हणाल्याचं मला आठवत नाही.

तर सांगा, घरचे कर्ते बाबूजी, त्यांचा मुलगा प्रफुल, त्याची बायको हंसा, दुसरी सून जयश्री, हंसाचा भाऊ हिमांशू आणि पोरं, सगळ्यांना घेऊन कुठे जायचं? माझं मत हिमालय. मस्त बर्फ, मोठमोठे डोंगर, सगळं भव्य दिसायला हवं. इतकी वर्षं त्यांना एका दिवाणखान्यात बघितलंय.

ताकभात, ९.२४

हिमालयात हंसा चालणार? बसल्या जागेवरून उठत नाही ती.

शनिवारातली, ९.२६

म्हणूनच तर!

घाटरस्ता, ९.५८

मी विरोधात. घराबाहेर काढूच नका त्यांना.

मालिका मी कुठलाही भाग लावून बघतो, अगदी मधूनसुद्धा. सिनेमे मात्र एकेकदाच बघितले. दुसऱ्यात तर त्यांना थेट एका काल्पनिक देशात नेलं. तो देश, तिथला राजा, ती मोहीम हे सगळं सांभाळता सांभाळता घरातली माणसं मागे पडली. मला त्यांचं काहीही न घडणं आवडतं. हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, प्रफुल छातीठोकपणे भलताच सांगतो, तिला तो पटतो, आणि बाबूजी कपाळाला हात लावतात. याला बर्फ कशाला लागतो? मागे डोंगर दिसायला लागले की माझं लक्ष डोंगरांकडे जाणार.

वारज्याची_वाट, १०.१५

घाटरस्ता यांच्याशी सहमत. पहिल्या सिनेमात मला जयश्रीचीच चुटपुट लागून राहिली होती. वंदना पाठक नव्हत्या त्यात. निमिषा वखारियांनी काम वाईट केलं असं नाही, पण आपल्या घरची वहिनी माहेरी गेलीय आणि तिच्या जागी दुसरंच कुणी वाढतंय असं वाटत राहिलं. २०२३ला त्या परत दिसल्या तेव्हा चित्रपटगृहात माझ्या शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे परत येणार असतील तर माझी अट एकच, सगळे हवेत. ठिकाण मग सारसबाग असली तरी चालेल.

अर्धी_तिकीट, १०.१९

सारसबाग! हंसा भेळेच्या गाडीवर, बाबूजी गणपतीसमोर, प्रफुल हरवलेला. एक पूर्ण भाग झाला की.

कॅम्पातली_बेन, ११.४०

आता मी बोलते. आम्ही पुण्यातले गुजराती, माझी इथली तिसरी पिढी. घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही.

घाटरस्ता भाई, घर सुटलं की मजा जाईल असं तुम्ही म्हणता, पण आमच्याकडे सुट्टीला निघालं की घर सुटतच नाही. ते बरोबर येतं. १९९८च्या दिवाळीत आम्ही एकोणीस जण बस करून नाथद्वारा आणि उदयपूरला गेलो. बसच्या टपावर पातेली, शेगडी, पाट. शेवटच्या सीटवर महाराज, म्हणजे आमचे स्वयंपाकी, आणि त्यांच्या मांडीवर तुपाचा डबा. थेपले पाच दिवसांचे, खाखरे दहा दिवसांचे, सुखडी, छुंदो, चिवडा. सहल सात दिवसांची होती, दहा दिवसांचे खाखरे का, हे बा ला विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

उदयपूरला धर्मशाळेपासून पिछोला तलाव चालत पाच मिनिटांवर. आम्ही तिथे दोन दिवस होतो. पुरुषमंडळी व्हरांड्यात पत्ते खेळत बसली, बायका शेंगा सोलत बसल्या, आणि घरी जे भांडण अर्धवट राहिलं होतं ते तिथे पूर्ण झालं. तलाव बघितला फक्त माझ्या फुईनं, म्हणजे आत्यानं, कारण ती रुसून बाहेर निघून गेली होती. परत आल्यावर म्हणाली, छान आहे. तेवढ्यावर सगळ्यांचं तलावदर्शन झालं.

म्हणून सांगते, पारेखांना खुशाल हिमालयात न्या. ते हिमालयाकडे बघणारच नाहीत.

ताकभात, ११.४६

+१००. आम्ही काश्मीरला हाउसबोटीत तीन दिवस पाच-तीन-दोन खेळलो. शिकाऱ्यात बसायची वेळ झाली तर बाबा म्हणाले, हा डाव संपू दे.

घाटरस्ता, १२.०५

बेन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फुईंना नमस्कार सांगा. माझ्या मतात थोडा फरक पडतोय, पण पूर्ण नाही. घर बरोबर येतं हे मान्य, पण कॅमेऱ्याचं काय? बसमध्ये किंवा बर्फात तो दिवाणखाना कसा उभा करणार?

अर्धी_तिकीट, १२.३०

अवांतर. 'हम पाँच' सुट्टीवर गेली असती तर भिंतीवरच्या पहिल्या बायकोला कसं नेलं असतं? अशोक सराफ पाच मुली, दुसरी बायको आणि एक फ्रेम घेऊन स्टेशनवर. प्रिया तेंडुलकर त्या फोटोतून बोलायच्या आणि तो फोटो म्हणजे त्या घरातलं सगळ्यात जागं माणूस होतं. फ्रेम साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली तर ती आतून विचारणार, लोणावळा आलं का?

वारज्याची_वाट, १२.३८

अर्धी_तिकीट, जेवताना वाचलं, ठसका लागला. १९९५ची ना ती? झी टीव्ही. विद्या बालन त्यातली एक मुलगी होती हे आमच्या चिरंजीवांना सांगितलं तर विश्वास ठेवेनात.

मंडईचा_बोळ, दुपारी १.१५

अवांतरात माझीही भर. आपल्याकडे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होती. अल्फा मराठीवर २००१ला सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांचे आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या आणि शलाका. त्यात कुणी कुणाला फसवत नसे, कुणी कट करत नसे. एका मध्यमवर्गीय घरात आठवड्यात जे होतं तेच व्हायचं, आणि आम्ही सगळे जेवणं आटोपून वेळेवर बसायचो. तेही परत यावेत. सुट्टीवर नकोत, नुसते परत यावेत.

विंगेतला, २.५०

घाटरस्ता यांनी कॅमेऱ्याचा प्रश्न विचारला म्हणून लिहितो. मी तीस वर्षं नाटकाच्या मागच्या बाजूला काम केलं, नेपथ्य लावणं आणि उतरवणं. भरत नाट्य, बालगंधर्व, टिळक स्मारक आणि बाहेरचे दौरे. अभिनयातलं मला फार कळत नाही, दारांमधलं कळतं.

खिचडी करणारे आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया हे दोघेही गुजराती रंगभूमीवरून आलेले, बाबूजी करणारे अनंग देसाई राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, आणि हंसा करणाऱ्या सुप्रिया पाठक तर गुजराती रंगभूमीवरच्या दीना पाठक यांच्या कन्या. हा रंगमंचावरचाच संसार आहे, आणि तो चालतो दारांवर. दिवाणखान्याचं नाटक लावताना आम्ही सोफ्याआधी दारं लावतो. एक बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, एक आतल्या खोल्यांचं. माणूस नको त्या क्षणी आत येतो किंवा हव्या त्या क्षणी जातो, त्यावर हशा येतो. दार अर्धा फूट लांब पडलं तर नटाला दोन पावलं जास्त चालावं लागतं आणि हशा मरतो. एका दौऱ्यात स्टेज रुंद होतं म्हणून आम्ही दारं लांब लावली. त्या दिवशी पहिला अंक थंड गेला. मध्यंतरात नटांनी हात जोडले, आम्ही पडद्यामागे दारं आत सरकवली. दुसऱ्या अंकात लोक पोट धरून हसले.

म्हणून बर्फाळ डोंगर मला पटत नाही, तिथे दारच नाही. बसमध्ये एकच दार, तेही बंद. रेल्वेचा डबा त्यातल्या त्यात बरा, स्टेशनावर माणूस चढतो-उतरतो आणि गाडी सुटते. पण तिथेही आत निघून जायला जागा नाही. रुसायचं तर वरच्या बर्थवर. (हे लिहिता लिहिता वाटलं, हंसा वरच्या बर्थवर हा प्रकारही वाईट नाही.)

सुट्टी हवी तर त्यांना अशा ठिकाणी ठेवा जिथे जुना बंगला असेल, मोठा व्हरांडा असेल आणि सगळ्या खोल्यांची दारं त्या व्हरांड्यात उघडत असतील.

कॅम्पातली_बेन, २.५८

काका, हे तुम्ही आमच्या उदयपूरच्या धर्मशाळेचंच वर्णन केलंत.

घाटरस्ता, ३.०४

विंगेतला, या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत साठवला. आता माझा विरोध मागे. दारं असतील तर जाऊ द्या त्यांना.

शनिवारातली, ३.२०

हिमालय मागे घेते. काका, रोज टीव्ही बघतो पण दारांकडे कधी बघितलंच नव्हतं. आत्ता एक जुना भाग लावला आणि फक्त दारं बघत बसले. खरंच, बाबूजी येतात तो क्षण!

नवी_पालवी, ४.१०

मी इथे बहुधा सगळ्यात लहान. २००२मध्ये माझा जन्मही झाला नव्हता. मी हे सगळं मोबाइलवर बघितलंय, वसतिगृहात, रात्री जेवणानंतर. आमच्या मजल्यावर सातजणी आहोत, कुणी लातूरची, कुणी चंद्रपूरची, एक गोव्याची. परीक्षेच्या दिवसांत रोज एक भाग बघायचाच असा नियम. घरची आठवण आली की लावतो. एवढी माणसं एका खोलीत बडबडत असतात ना, आवाज सुरू झाला की खोली भरल्यासारखी वाटते. सुट्टीवर गेले तरी चालेल, फक्त सगळे एका खोलीत असू देत.

वारज्याची_वाट, ४.१८

नवी_पालवी, रविवारी जेवायला या सातहीजणी. खरंच सांगतेय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मंडईचा_बोळ, ५.०५

थोडं जड लिहितोय. 'साराभाई वर्सेस साराभाई'चीही मी अशीच वाट बघत असे. २००४ला स्टार वनवर लागली तेव्हा फार कमी जणांनी बघितली, नंतर पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरून लोकांना सापडली. २०१७ला हॉटस्टारवर परत आली. आमच्या घरी तेव्हा मतं विभागली गेली, मला आवडली होती. वाटायचं, अजून एकदा येतील. २५ ऑक्टोबर २०२५ला त्यातला इंद्रवदन करणारे सतीश शहा गेले. इंद्रवदनशिवाय त्याची बायको माया कुणाला टोकणार? बायको म्हणाली, तू घरातलं कुणी गेल्यासारखा बसला आहेस. तसंच वाटत होतं.

म्हणून सगळे आहेत तोवर त्यांना एकत्र बघून घ्यावं असं मला वाटतं. अनंग देसाईही सत्तरीच्या पुढे आहेत. ठिकाणाचा घोळ घालत बसू नका, लवकर निघा.

विंगेतला, ५.२२

खरं आहे.

ताकभात, ५.४०

'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शहा दर भागात वेगळा माणूस व्हायचे. १९८४, दूरदर्शन. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि आज ते कोण होऊन येणार यावर पोरं गोट्या लावायची. मी तीस गोट्या हरलोय.

अर्धी_तिकीट, ६.१५

बंगला आणि व्हरांडा ठरला तर गाव सांगा. महाबळेश्वर?

घाटरस्ता, ६.३३

महाबळेश्वर नको. मे महिन्यात पाचगणीपासून गाड्यांची रांग लागते. शिवाय गाडी दाराशी येत असेल तर हंसा उतरणारच नाही.

माझं मत माथेरान. तिथे गाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे लाल मातीतून चालत, घोड्यावर, नाहीतर नेरळहून १९०७पासून चालणारी छोटी गाडी आहेच. म्हणजे पहिला भाग पोहोचण्यातच गेला. वर जुने बंगले, मोठे व्हरांडे. माकडं आहेत, म्हणजे जयश्रीच्या डब्यांवर डोळा ठेवणारं कुणीतरी हवंच होतं ते मिळालं. आणि मनात आलं म्हणून पटकन निघून जाता येत नाही. रुसून गेलात तरी संध्याकाळी परत त्याच व्हरांड्यात.

कॅम्पातली_बेन, ६.४१

माथेरान म्हणजे तर आमचं दुसरं घर. निम्म्या पाट्या गुजरातीत. बाबूजींना तिथे गावातले चार जण भेटणारच. आणि महाराज न्यायची गरज नाही, थाळी मिळते. तरी आम्ही नेतो.

विंगेतला, ७.००

माथेरानला माझं मत.

शनिवारातली (धागाकर्ती), रात्री ९.३०

दिवसभर वाचतेय. एक गोष्ट सकाळी लिहिताना सुचली नव्हती, ती आता लिहिते.

खिचडीची मूळ गोष्ट आठवा. पारेखांचं मोठं जुनं घर आहे. घरच्यांना ते विकून पैसे वाटून घ्यायचेत, आपापले वेगळे संसार मांडायचेत. बाबूजी म्हणतात, जायचं तर असेच जा, नाहीतर माझ्या मरणापर्यंत थांबा. म्हणून सगळे एकत्र राहतात. इतकी कडू गोष्ट आणि तिच्यावर इतका हसरा संसार उभा केला होता.

आमच्या वाड्यात नेमकं हेच चाललं होतं. काकांना बिल्डरला द्यायचा होता, आजी म्हणायची, माझे डोळे मिटू देत. रात्री मालिका लागली की काका, बाबा आणि आजी एकाच सतरंजीवर बसून हसायचे, आणि संपली की पुन्हा तोच विषय. काका एकदा टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "बघ आई, त्यांच्याकडेही तेच." आजी म्हणाली, "पण ते अजून एकत्र आहेत ना?" काका काही बोलले नाहीत. आजी २००९ला गेली, वाडा २०११ला उतरला. आता तिथे पार्किंग असलेली इमारत आहे, काका वाकडला आणि आम्ही एरंडवण्यात. भेटतो सणाला.

म्हणून मला ती सुट्टी बघायची आहे. ज्यांना इतकी वर्षं घर विकायचं होतं ते घराबाहेर पडलेत, अनोळखी बंगल्यात, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपापली जागा आठवते आहे. जयश्रीला तिचा ओटा, हिमांशूला त्याचा कोपरा. कबूल कुणीच करत नाही. बाबूजी तेवढे पहिल्या दिवसापासून उघड म्हणतात, घरी चला. आणि त्यांनी घरची खुर्ची बरोबर आणलेली असावी, असं मला फार वाटतं.

तर घाटरस्ता, माथेरान नक्की. काकांना आत्ताच फोन केला आणि धाग्याबद्दल सांगितलं. म्हणाले, सुरू झाली की सांग, तुमच्याकडेच येतो बघायला.

घाटरस्ता, ९.४४

काकांसाठी सतरंजी काढून ठेवा.

अर्धी_तिकीट, ९.५०

पण खुर्ची त्या छोट्या गाडीत मावेल का?

कॅम्पातली_बेन, १०.०२

नाही मावत. दस्तुरीला हमाल मिळतात, ते डोक्यावरून नेतात. आम्ही दादाजींची आरामखुर्ची नेली होती. हमाल पुढे, दादाजी घोड्यावर मागे, आणि सगळा रस्ता त्याला सांगत होते, हळू, पाय घासतील.